फ्रेंचमधला पूर्ण भविष्यकाळ: फ्यूत्यूर आंतेर्यर कसा बनवायचा आणि कुठे वापरायचा

"त्याची बस चुकली असेल." "सोमवारपर्यंत माझं पुस्तक वाचून झालेलं असेल." या दोन वाक्यांतलं 'असेल' एकच काम करत नाही. पहिल्यात घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज आहे, तर दुसऱ्यात पुढच्या एका ठरावीक वेळेच्या आत पुरं होणारं काम. मराठीला दोन्हींसाठी एकच रूप पुरतं, आणि फ्रेंचलाही. त्या रूपाचं फ्रेंच नाव फ्यूत्यूर आंतेर्यर. इंग्रजी मात्र पहिल्यासाठी सहसा 'मस्ट हॅव' आणि दुसऱ्यासाठी 'विल हॅव' वापरतं. त्यामुळे इंग्रजीच्या वाटेने फ्रेंच शिकणाऱ्याला हा काळ निम्माच कळतो. इथे इंग्रजी बाजूला ठेवून मराठीचं बोट धरावं, ते फायद्याचं आहे. जिथे मराठीही चकवते त्या दोन-तीन जागा पुढे येतीलच.

फ्रेंच शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. 'ज' हा 'टेलिव्हिजन'मधल्या जसारखा वाचा आणि 'झ' हा 'झरा'मधल्यासारखा. अनुस्वार नाकातून काढा, पुढे 'न' किंवा 'म' जोडू नका. 'यू' म्हणताना ओठ गोल करायचे, पण जीभ 'ई'च्या जागी ठेवायची. त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रजी ट-डचं वळण तिथे आणू नका. वहीत मात्र फ्रेंच स्पेलिंगच लिहायचं, कारण या काळाच्या निम्म्या चुका कानाला ऐकूच येत नाहीत.

पायरी पहिली: सहायक क्रियापद ठरवा

हा काळ दोन तुकड्यांचा असतो. आधी सहायक क्रियापदाचं साध्या भविष्यकाळातलं रूप, मग मुख्य क्रियापदाचं भूतकालवाचक धातुसाधित. सहायक दोनच: आव्वार आणि एत्र. ज्याला पासे कोंपोझे (फ्रेंचमधला रोजचा भूतकाळ) येतो त्याला ही निवड आधीच येते, कारण नियम तोच आहे.

बहुतेक क्रियापदांना आव्वार लागतं. एत्र घेणारी मंडळी मोजकी आहेत: आले (जाणे), वनीर (येणे), आरिवे (पोहोचणे), पार्तीर (निघणे), आंत्रे (आत येणे), सॉर्तीर (बाहेर पडणे), मोंते (चढणे), देसांद्र (उतरणे), रेस्ते (थांबणे), तोंबे (पडणे), रतूर्ने (परत जाणे), पासे (जवळून जाणे), नॅत्र (जन्मणे), मूरीर (मरणे), आणि यांचीच भावंडं रवनीर, दवनीर, रांत्रे. याशिवाय 'स' लावून येणारी सगळी आत्मवाचक क्रियापदं, म्हणजे स लवे (उठणे), स कूशे (झोपायला जाणे) वगैरे.

मराठीतून एक कसोटी लावता येते. कर्ता 'तो' घ्या आणि वाक्य भूतकाळात म्हणा. 'त्याने' आलं, की फ्रेंचमध्ये जवळजवळ नक्की आव्वार: त्याने वाचलं, त्याने विकलं, त्याने पाहिलं. 'मी' आणि 'तू'ला हा 'ने' दिसत नाही, म्हणून कसोटी 'तो'वरच घ्यायची. उलट बाजूने मात्र ती चालत नाही. 'तो धावला', 'तो झोपला', 'तो हसला', 'तो चालला' यांत 'ने' नाही, तरी कूरीर, दॉर्मीर, रीर आणि मार्शे ही चारही क्रियापदं आव्वारच घेतात. गतीचं क्रियापद दिसलं की एत्र लावायचं, ही सवय याच चौघांपैकी पहिल्या आणि शेवटच्यावर आपटते. आत्मवाचक क्रियापदंही कसोटीबाहेरची समजा: 'त्याने हात धुतले' यात 'ने' आहे, पण फ्रेंचमध्ये एत्र येतं.

वरच्या यादीतली सहा क्रियापदं दोन्हीकडची आहेत: मोंते, देसांद्र, सॉर्तीर, रांत्रे, रतूर्ने, पासे. ती अकर्मक असतील तर एत्र, कर्म आलं की आव्वार. 'मी खाली उतरलेलो असेन' म्हणजे 'ज सरे देसांद्यू', पण 'मी बॅग खाली आणलेली असेल' म्हणजे 'जोरे देसांद्यू ला वालीझ'. मराठी इथे क्रियापदच बदलते (उतरणे, उतरवणे), फ्रेंच फक्त सहायक बदलतं.

पायरी दुसरी: सहायकाचा भविष्यकाळ

ही बारा रूपं पाठच करायची. यात पळवाट नाही.

आव्वार: जोरे, त्यू ओरा, इलोरा, नू-झोरों, वू-झोरे, इल-झोरों.
एत्र: ज सरे, त्यू सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों.

आव्वारच्या रूपांच्या सुरुवातीला स्वर असल्याने मागच्या सर्वनामाचं शेवटचं अक्षर जागं होतं: नू, वू आणि अनेकवचनी इल (ते) यांच्यापुढे 'झ' ऐकू येतो. म्हणूनच 'इलोरा' (तो) आणि 'इल-झोरों' (ते) यांत गोंधळ होत नाही. 'ओं' या सर्वनामाने 'ओं-नोरा' असं जोडायचं. 'कां' (जेव्हा) पुढे 'इल' आला की मध्ये 'त' ऐकू येतो, लिहिताना तिथे डी असला तरी: 'कां-तिलोरा'.

लिहिताना 'जोरे'च्या शेवटी ए-आय येतात. त्यापुढे चुकून एक एस लागला तर काळच बदलतो, ते कोंदिस्योनेल, म्हणजे संकेतार्थ, होतं. पुस्तकी उच्चारात दोन्हींत 'ओरे' आणि 'ओरॅ' असा फरक आहे, पण अनेक फ्रेंच लोकांच्या तोंडी तो उरलेला नाही. त्यामुळे कानावर विसंबू नका, मराठीला विचारा. 'असेल, असेन' असेल तर एस नाही. 'असतं, असतो' असेल तर एस. 'मी संपवलेलं असेल' आणि 'मी संपवलं असतं' यांतला फरक तुम्हाला विचार न करता कळतो, तोच इथे वापरायचा.

पायरी तिसरी: धातुसाधित

नियमित क्रियापदांचे तीन साचे आहेत. ई-आरने संपणाऱ्यांचा शेवट तिरक्या खुणेचा ई होतो: पार्ले (बोलणे) याचं पार्ले. आय-आरवाल्यांचा आय: फिनीर याचं फिनी. आर-ईवाल्यांचा यू: वांद्र (विकणे) याचं वांद्यू.

पहिल्या साच्यात मूळ रूप आणि धातुसाधित यांचा उच्चार अगदी एकच आहे. म्हणूनच 'जोरे मांजे' (मी जेवलेलो असेन) ऐकून विद्यार्थी शेवटी ई-आर लिहून मोकळे होतात. ही चूक फ्रान्समधली शाळकरी मुलंही करतात, आणि तिच्यावरचा उपाय तिथलाच आहे: त्या जागी वांद्र हे क्रियापद घालून पाहा. 'वांद्र' बसलं तर ई-आर, 'वांद्यू' बसलं तर खुणेचा ई. 'जोरे वांद्यू' बसतं, 'जोरे वांद्र' बसत नाही. प्रश्न मिटला.

अनियमित धातुसाधितं एकेकटी घोकण्यापेक्षा शेवटाच्या आवाजाप्रमाणे गट करून ठेवा. यू-शेवटाचा गट सर्वांत मोठा: व्यू (पाहिलेलं), ल्यू (वाचलेलं), ब्यू (प्यायलेलं), प्यू (शकलेलं), स्यू (माहीत झालेलं), वूल्यू (हवं असलेलं), रस्यू (मिळालेलं), वन्यू (आलेलं), द्यू (करावं लागलेलं, लिहिताना यूवर टोपी). 'ई' आवाजाचा गट: प्री (घेतलेलं), मी (ठेवलेलं), कोंप्री (समजलेलं), दी (सांगितलेलं), एक्री (लिहिलेलं). पहिल्या तिघांच्या शेवटी न उच्चारला जाणारा एस आहे, नंतरच्या दोघांच्या शेवटी टी. मग सुटे: फॅ (केलेलं), ऊवॅर (उघडलेलं), ऑफॅर (दिलेलं), मॉर (मेलेलं), ने (जन्मलेलं). आव्वारचं स्वतःचं धातुसाधित ई-यू असं लिहितात आणि नुसतं 'यू' म्हणतात. एत्रचं 'एते'. ही दोन्ही आव्वारच घेतात: 'जोरे यू', 'जोरे एते'. 'ज सरे एते' असं फ्रेंचमध्ये काही नसतं.

पायरी चौथी: लिंग-वचन जुळवणं

इंग्रजीत असलं काही नसल्याने ही पायरी अवघड वाटते, पण मराठी माणसाला ती अवघड वाटायचं कारण नाही. शाळेतले कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आठवा.

एत्र असेल तर धातुसाधित कर्त्याप्रमाणे चालतं, आपल्या कर्तरी प्रयोगासारखं. तो निघाला असेल: 'इल सरा पार्ती'. ती निघाली असेल: तेच, पण लिहिताना शेवटी जास्तीचा ई. ते निघाले असतील: शेवटी एस. त्या निघाल्या असतील: ई आणि एस दोन्ही. उच्चार चारही ठिकाणी 'पार्ती'. मिश्र घोळक्याला पुल्लिंगी अनेकवचन. बोलणारी व्यक्ती स्त्री असेल तर 'ज सरे पार्ती' लिहिताना तिने स्वतःसाठीही तो ई लावायचा, जशी ती मराठीत 'निघालेली असेन' म्हणते.

आव्वार असेल तर कर्त्याशी जुळवायचंच नाही. कर्माशी जुळवायचं, आणि तेही कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. 'जोरे एक्री ले लेत्र' यात 'पत्रं' नंतर आली, म्हणून धातुसाधित जसंच्या तसं. पण 'मी लिहिलेली असतील ती पत्रं' म्हणताना लेत्र आधी येतं आणि ते स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे: 'ले लेत्र क जोरे एक्रित'. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधीच येतं आणि 'मी पत्रं लिहिली असतील' असं धातुसाधित त्याच्यामागे जातं. फ्रेंचमध्येही कर्म तसं आधी आलं की आपल्यासारखंच वागायचं.

फरक एवढाच की आपल्याकडे 'असतील'सुद्धा पत्रांच्या मागे गेलं. फ्रेंच सहायक नेहमी कर्त्याचाच राहतो. वरच्या वाक्यात 'जोरे'च हवं, 'ओरों' नव्हे.

एक्रीचं एक्रित झालं ते ऐकू आलं. अशी ऐकू येणारी थोडीच आहेत: फॅ-फॅत, प्री-प्रीझ, मी-मीझ, दी-दीत, ऊवॅर-ऊवॅर्त, मॉर-मॉर्त. बोलण्याचा सराव करताना आधी ही पक्की करा. बाकीची लिहिण्यापुरती.

आत्मवाचकांत एक खाच आहे. 'एल स सरा लवे' (ती उठलेली असेल) इथे स्त्रीलिंगाचा ई लागतो. 'एल स सरा लावे ले मँ' (तिने हात धुतले असतील) इथे लागत नाही, कारण खरं कर्म 'हात' आहे आणि ते नंतर आलं आहे.

शब्दांची जागा

नकार सहायकाभोवती गुंडाळतो: 'ज नोरे पा फिनी'. आत्मवाचकात सर्वनाम आतच राहतं: 'ज न म सरे पा कूशे'. 'देजा' (आधीच) आणि 'ब्यँ' (नीट) यांच्यासारखी छोटी क्रियाविशेषणं दोन तुकड्यांच्या मध्ये बसतात: 'जोरे देजा मांजे'. 'ते, त्याला' अशा अर्थाची सर्वनामं सहायकाच्या आधी: 'ज लोरे ल्यू'. प्रश्न उलटा करून विचारताना 'तो'साठी मध्ये त घालायचा: 'ओरा-तिल फिनी?'

कुठे वापरायचा: मुदतीची वाक्यं

सर्वांत सरळ उपयोग हा. पुढची एक वेळ घ्यायची आणि त्याआधी काम पुरं झालेलं दाखवायचं. 'दिसी लँदी, जोरे फिनी ल लिव्र': सोमवारपर्यंत माझं पुस्तक संपलेलं असेल. 'दिसी' हा शब्द इथे सोन्यासारखा आहे. 'सोमवारी' आणि 'सोमवारपर्यंत' यांतला फरक तोच दाखवतो.

'कां' आणि मंडळी: इथे मराठी फसवते

"तुझं काम झालं की मला फोन कर." मराठीने इथे भूतकाळ वापरला, इंग्रजी वर्तमान वापरेल. फ्रेंच दोन्ही मानत नाही. काम अजून व्हायचं आहे, म्हणजे भविष्य, आणि फोनच्या आधी पुरं व्हायचं आहे, म्हणजे पूर्ण भविष्य: 'कां त्यू ओरा फिनी, त्यू मापॅलरा.' मुख्य वाक्यात साधा भविष्यकाळ नाहीतर आज्ञार्थ ('आपॅल-म्वा').

हेच लॉर्स्क (जेव्हा), दॅ क आणि ओसितो क (होताच), यून फ्वा क (एकदा का), आप्रॅ क (नंतर) यांच्याबाबतीत. आणि 'तां क' नकारासह: 'तां क त्यू नोरा पा फिनी ते दव्वार, त्यू न सॉर्तिरा पा', म्हणजे गृहपाठ संपेपर्यंत बाहेर जायचं नाही.

मराठीतल्या 'झालं की', 'आला की', 'झाल्यावर' या रचना दिसल्या की थांबायचं आणि विचारायचं: ही गोष्ट अजून व्हायची आहे का? आणि दुसरी सुरू होण्याआधी ती संपणार आहे का? दोन्हींना हो असेल तर फ्यूत्यूर आंतेर्यर. दोन्ही क्रिया सोबत चालणार असतील तर दोन्हीकडे साधा भविष्यकाळ: 'मी पॅरिसला असेन तेव्हा तुला फोन करीन' यात 'असणं' संपत नाही, म्हणून 'कां ज सरे आ पारी, ज तापॅलरे'.

या कुटुंबातले दोन शेजारी वेगळे आहेत. 'आवां क' (आधी) आणि 'ज्युस्कास क' (पर्यंत) यांच्यामागे स्यूब्जोंक्तिफ (इच्छा, शक्यता दाखवणारं क्रियापदाचं वेगळं रूप) येतं, हा काळ नाही. 'आप्रॅ क' मागे मात्र हाच काळ, जरी फ्रेंच लोकच तिथे आवां कच्या प्रभावाने स्यूब्जोंक्तिफ घालताना सर्रास दिसतात. आणि दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर वाक्य छोटं करा: 'आप्रॅ-झाव्वार मांजे' (जेवल्यावर). फ्रेंच माणूसही तेच करेल.

'सी'मागे कधीच नाही

"काम झालं असेल तर ये." इथे मराठीत चक्क 'असेल' आहे, आणि इथेच हा काळ चालत नाही. 'जर' अर्थाच्या 'सी'मागे फ्रेंच भविष्यकाळ घेत नाही, साधाही नाही आणि पूर्णही नाही: 'सी त्यू आ फिनी, व्यँ.' 'सी'च्या भागात पासे कोंपोझे. मराठीभाषकाची या काळातली सर्वांत चिवट चूक हीच आहे, म्हणून वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'की नाही' अर्थाचा 'सी' वेगळा: 'ज न सॅ पा सिलोरा फिनी' (त्याचं झालेलं असेल की नाही, माहीत नाही) हे बरोबर आहे.

अंदाजाचं 'असेल'

'इलोरा राते सों ब्यूस': त्याची बस चुकली असेल. 'एलोरा ऊब्लिये': ती विसरली असेल. घटना भूतकाळातली, खात्री नसलेली, आणि क्रियापद भविष्यातलं. इंग्रजीतून येणाऱ्याला हे विचित्र वाटतं, आपल्याला नाही. रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस यासाठी 'इल आ द्यू' ही रचना जास्त वापरतो, हे लक्षात ठेवा. फ्यूत्यूर आंतेर्यर थोडा नेटका, लिखाणातला वाटतो. पण वाचताना तो दिसला आणि 'भविष्यात चुकेल' असा अर्थ लावलात, तर सगळा परिच्छेद उलटा समजेल.

बातम्यांत आणखी एक उपयोग भेटतो. संपून गेलेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहत हिशेब मांडायचा. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला 15 एप्रिल 2019 रोजी आग लागली आणि ते डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा खुलं झालं. त्यावर फ्रेंच वाक्य असं होईल: 'इलोरा फाल्यू प्ल्यू द सँकां पूर रूव्रीर नोत्र-दाम', म्हणजे नोत्र-दाम पुन्हा उघडायला शेवटी पाच वर्षांहून जास्त काळ लागला. इथे अंदाज नाही, आकडा पक्का आहे. या काळामुळे वाक्याला 'अखेर एवढं लागलंच' असं वजन येतं. मराठीत ते 'असेल'ने येत नाही, म्हणून इथे 'असेल' लावून भाषांतर करू नका.

काही तयार वाक्यं तशीच उचलून ठेवावीत. 'वू लोरे कोंप्री': एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. 'त्यू लोरा वूल्यू': तूच ओढवून घेतलंस. 'ओं-नोरा तू व्यू': आता एवढंच बघायचं राहिलं होतं!

सांगितलेलं बोलणं

"संपलं की फोन करीन," तो म्हणाला. हे आपण मराठीत 'तो म्हणाला की संपलं की फोन करीन' असं काळ न बदलता सांगतो. फ्रेंच सगळं एक पायरी मागे ढकलतं: 'इल आ दी किल मापॅलरॅ कां-तिलोरॅ फिनी.' ओराचं ओरॅ झालं, म्हणजे कोंदिस्योनेल पासे. हा बदल विसरला तर वाक्य ऐकू नीट येतं, पण लेखी उत्तरात गुण जातात.

स्वतः तपासून पाहा

ही पाच वाक्यं आधी स्वतः फ्रेंचमध्ये करा, मग पुढे वाचा. (1) उद्या त्या पोहोचलेल्या असतील. (2) तुम्ही वाचून झालं की मला पुस्तक द्या. (3) त्याने खाल्लं असेल तर आपण निघू. (4) आम्ही अजून झोपलेलो नसू. (5) तिने कुत्र्याला बाहेर नेलं असेल.

पहिलं 'दमँ, एल सरों-तारिवे': एत्र, लिहिताना ई आणि एस, आणि सरोंचा टी पुढच्या स्वराला जोडला जातो. दुसरं 'कां वू-झोरे ल्यू ल लिव्र, दोने-ल-म्वा'. तिसऱ्यात सी आहे, म्हणून 'सी-ला मांजे, ओं पार्तिरा': इथे 'इलोरा' लिहिलं असेल तर 'सी'चा भाग पुन्हा वाचा. चौथं दोन प्रकारे होतं. 'झोपायला गेलेलो नसू' असा अर्थ असेल तर 'नू न नू सरों पा-झांकॉर कूशे', अनेकवचनाचा एस धरून. झोप लागण्याबद्दल असेल तर दॉर्मीर नव्हे, 'सांदॉर्मीर' घ्यायचं, आणि तेही आत्मवाचक असल्याने एत्रच. पाचवं 'एलोरा सॉर्ती ल श्यँ': कर्म आलं म्हणून आव्वार, आणि कर्म नंतर आलं म्हणून सॉर्तीला ई नाही.